स्पेअर पार्टचा अभावविचार

कणादानंतरच्या वैशेषिकांनी विश्वातल्या पदार्थांच्या यादीत सातवे आसन अभावाला दिले. नसण्याचेही ज्ञान होते आणि नसण्याचेही प्रकार पडतात, असा तो धाडसी विचार. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रहा’त हे चार प्रकार विद्यार्थ्यांसाठी नेटके मांडून ठेवले. उदाहरणाला मात्र परंपरेपाशी मडके होते, आणि मडके कुंभाराकडे केव्हाही मिळते. त्यामुळे या शास्त्राला खरी धार आली नाही. ती उणीव पनवेलजवळच्या करंजाडे नोडमध्ये, एका सोसायटीच्या पार्किंगात उतरवून ठेवलेल्या जिप्सीच्या इंजिनाने भरून काढली आहे.

विषय आणि अधिकारी

विषय आहे 1985 साली आलेली मारुती जिप्सी एमजी410. कूळ जपानी; सुझुकीच्या एसजे410 जीपची ही लांब बांध्याची बहीण. इंजिन एफ10ए, चार सिलिंडर, 970 सीसी. पुढे 1996 मध्ये 1298 सीसीची जिप्सी किंग आली, नाव तेच राहिले आणि पोटातले इंजिन बदलले. दुकानात नुसते ‘जिप्सी’ म्हणणाऱ्याच्या हाती बहुधा किंगचा माल पडतो, तो याचमुळे.

कायद्याने ही गाडी व्हिंटेज नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटावी लागतात. म्हणजे सर्वांत थोरल्या जिप्सीलाही 2035 पर्यंत थांबणे आले. तोवर ती नुसतीच म्हातारी.

या शास्त्राचा अधिकारी तो, ज्याचे रविवार मोकळे आहेत आणि ज्याच्या घरच्यांनी विचारणे सोडून दिले आहे.

प्रागभाव

वस्तू घडण्यापूर्वीचे तिचे नसणे म्हणजे प्रागभाव. त्याला आरंभ नाही, अंत आहे. ऑपेरा हाऊसच्या बाजारात हेड गॅस्केटचा प्रागभाव भेटतो: “माल यायचाय. मंगळवारी या.” कोणता मंगळवार, हे विचारणे शिष्टसंमत नाही. अभाव अनादी आहे हे दुकानात तत्काळ पटते. तो सांत आहे याविषयी मात्र ग्राहकांत मतभेद आहेत. करंजाडेशेजारच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले. पार्किंगातल्या इंजिनाचे अजून मंगळवारीच आहे.

प्रध्वंसाभाव

वस्तू होती, गेली. या अभावाला आरंभ आहे, अंत नाही. त्याचे पीठ कुर्ल्याचा सीएसटी रोड. “कल ही गया, सेठ.” सोमवारी विचारले तर रविवारी गेलेला असतो, शनिवारी विचारले तर शुक्रवारी.

याच्या दोन उपपत्ती संभवतात. पहिली अशी, की प्रत्येक ग्राहकाच्या बरोबर एक दिवस पुढे दुसरा एक ग्राहक चालतो आणि सगळे उचलतो. हे मानले तर एव्हाना त्याच्यापाशी एवढा साठा झाला असेल, की त्याने स्वतःच दुकान काढले असेल. आणि तिथेही माल कालच गेला असेल. दुसरी उपपत्ती अशी, की ‘कालच’ हे दुकानदाराचे दयावचन आहे. वस्तू जगात कुठेतरी आहे एवढा दिलासा देऊन तो ग्राहकाला पुढच्या दुकानाकडे लावतो. आम्ही दुसरीच्या बाजूने आहोत.

अत्यंताभाव

तिन्ही काळी नसणे. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला झिजका ऑइल पंप नमुना म्हणून पुढे करावा. उत्तर येते, “असलं काही येतच नाही.” हातात धरलेल्या वस्तूचा अत्यंताभाव सिद्ध करण्याची ही युक्ती नैयायिकांनाही साधली नव्हती.

अन्योन्याभाव

घट म्हणजे पट नव्हे, हा अन्योन्याभाव. इथे शास्त्र सर्वांत समृद्ध होते. मारुती 800 चे एफ8बी इंजिन तीन सिलिंडरचे, 796 सीसीचे. त्याचा स्ट्रोक 72 मिलिमीटर. जिप्सीच्या एफ10एचाही 72. एवढ्या साम्यावर दुकानदार 800 चा पिस्टन पुढे सरकवतो. पण 800 चा बोअर 68.5 आणि जिप्सीचा 65.5. “बसवून घ्या,” असे सांगितले जाते. तीन मिलिमीटरचा भेद घासून अभेद होत नाही, हे अद्वैत्यांनाही मान्य व्हावे.

उत्तरपक्ष

इथवर अभाव म्हणजे संकट, असे वाटेल. मिस्त्रीचे मत उलटे आहे. झिजलेला सिलिंडर गोल राहत नाही. पिस्टन क्रँकच्या आडव्या दिशेने रेटला जातो, म्हणून तिकडे जास्त झीज. शिवाय वरच्या टोकाला जास्त, खाली कमी. यावर उपाय काय? आणखी लोखंड काढणे. रीबोर करून बोअर अर्धा मिलिमीटर वाढवायचा, 66.0 करायचा आणि पन्नास ओव्हरसाइजचा पिस्टन घालायचा. तोही मुद्दाम किंचित सैल. रिंगेच्या दोन टोकांत फट हवी, नाहीतर तापून टोके भिडतात आणि रिंग तुटते. बेअरिंग आणि क्रँक यांत तेलापुरती जागा हवी. टॅपेटला फट हवी, प्लगला फट हवी. आणि यांतल्या बहुतेक फटी मोजायला मिस्त्रीच्या खिशात फिलर गेज असतो. दोन भागांमध्ये काही नाही ते किती नाही, हे मिलिमीटरच्या शतांशांत सांगणारे हे उपकरण अन्नंभट्टांना मिळाले असते तर पाचवा प्रकार तेव्हाच नोंदला गेला असता: मोजका अभाव. इंजिन त्याच्यावरच चालते. लोखंड फक्त त्याला धरून ठेवते.

एक शेष शंका

बोअर 66.0 आणि स्ट्रोक 72 झाल्यावर चार सिलिंडरांचे गणित 985 सीसी येते. आरसी बुकात 970 आहे. व्हिंटेज होण्यासाठी गाडी मूळ रूपात हवी आणि इंजिनात फेरफार नको, असेही तो 2021 चा नियम म्हणतो. मग लोखंड गेल्यामुळे आलेले हे 15 सीसी भाव की अभाव, दुरुस्ती की फेरफार? विद्वानांनी खुशाल वाद घालावा. एमएच-46 च्या आरटीओ कार्यालयात मात्र ही शंका कोणी काढू नये, एवढाच या शास्त्राचा व्यावहारिक उपदेश.