कोणताही पेपर घ्या

देवळालीच्या शाळेतले गणिताचे मास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेला गेले आणि तिथे त्यांनी एक आकडा सांगितला: 6174. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून धाकटी वजा करा. जे येईल त्याचे पुन्हा तेच. 3524 घेतली तर 5432 वजा 2345, आले 3087. मग 8730 वजा 0378, आले 8352. मग 8532 वजा 2358, आणि समोर उभा 6174. पुढे कितीही उलथापालथ करा, तो जागचा हलत नाही. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत प्रत्येक संख्या त्याच दारात येऊन पडते.

या मास्तरांकडे पीएचडी नव्हती, विद्यापीठातली खुर्ची नव्हती, आणि परिषदेला कशासाठी जाता असे कोणी विचारले तर 'गणित सांगायला' याहून वजनदार कारणही नव्हते. जगात त्यांच्या नावाचा गाजावाजा झाला तो 1975 साली, मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यावर. म्हणजे सव्वीस वर्षांनी. आजच्या हिशेबात एवढ्या काळात माणसाची दोन प्रमोशने हुकतात.

पण मास्तरांची पद्धत वाया गेली नाही. गणित आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिषदांनी ती उचलली आणि पेपरांना लावली. कोणताही पेपर घ्या, शब्द खालीवर करा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत एकच उत्तर येते: अभिनंदन, आपला पेपर स्वीकारला आहे, नोंदणी शुल्क भरावे.

पुरावा हवा असेल तर 2012 सालचा घ्या. नेट एल्ड्रेज या अमेरिकी गणितज्ञाने 'मॅथजेन' नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. बटण दाबले की गणिताचा पेपर तयार. व्याख्या, प्रमेये, सिद्धता, संदर्भसूची सगळे जागच्या जागी. अर्थ तेवढा नाही. त्यातला एक पेपर 'अ‍ॅडव्हान्सेस इन प्युअर मॅथेमॅटिक्स' या नियतकालिकाकडे गेला. लेखिका मार्सी राथके, राहणार युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न नॉर्थ डकोटा अ‍ॅट हूपल, म्हणजे दक्षिण-उत्तर डकोटा विद्यापीठ. अशी दिशा होकायंत्रालाही ठाऊक नाही. बाईही प्रोग्रॅमइतक्याच खऱ्या.

दहा दिवसांत स्वीकृती आली. सोबत परीक्षकाचे शेरेही होते, आणि शेरे वाचून असे वाटते की बिचाऱ्याने पेपर खरोखरच उघडला असावा. गोषवाऱ्यातून विषयाची मुख्य कल्पना नीट कळत नाही, असे त्याचे म्हणणे. एल्ड्रेज यांनी लेखिकेच्या वतीने जे उत्तर लिहिले, त्यात ही तक्रार मोकळ्या मनाने मान्य आहे: गोषवाऱ्याचा आतल्या मजकुराशी खरेच काडीचाही संबंध नाही. काही विधानांच्या सिद्धता द्या, अशीही सूचना होती. त्यावर उत्तर असे की दिलेल्या सिद्धता पुरेशा आहेत. एका ठिकाणी लिहिले होते 'हे उघड आहे' आणि दुसऱ्या ठिकाणी 'हे स्पष्ट आहे'. गणिताच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाने ज्याचे डोके उठवले आहे, त्याला यात खोट काढता येणार नाही.

पेपर छापला गेला नाही, कारण त्यासाठी 500 डॉलर भरायचे होते. गणितातला एवढा एकच आकडा एल्ड्रेज यांना अर्थपूर्ण वाटला आणि त्यांनी तो भरला नाही.

त्याआधी 2005 मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकशास्त्राच्या पेपरांसाठी असेच यंत्र केले होते, 'सायजेन'. त्याचा एक पेपर फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या एका जागतिक परिषदेने घेतला, तोही परीक्षण न करता. बोभाटा झाल्यावर परिषदेने आमंत्रण मागे घेतले. पोरे मात्र जमवलेल्या वर्गणीतून ऑरलँडोला गेलीच. त्याच हॉटेलात खोली घेऊन त्यांनी स्वतःचे सत्र भरवले आणि यंत्राने जुळवलेली भाषणे गंभीर चेहऱ्याने केली. ही थट्टा, म्हणून हसून सोडले असते. पण 2014 पर्यंत सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने स्प्रिंगर आणि आयईईई या दोन मातबर प्रकाशकांच्या संग्रहांतून याच यंत्राचे 120हून अधिक पेपर शोधून काढले. हे थट्टेचे नव्हते. परिषदांच्या इतिवृत्तांत ते रीतसर बसले होते.

इथे कोणी म्हणेल, या सगळ्या गल्लीबोळातल्या परिषदा. मोठ्या दरबारात असे चालत नाही. तर मोठा दरबार पाहू. न्यूरिप्स ही कृत्रिम बुद्धिमत्तेची सर्वांत मानाची परिषद, 1987 पासूनची. तिच्या आयोजकांनी 2014 मध्ये एक प्रामाणिक आगाऊपणा केला. आलेल्या 1,678 पेपरांपैकी साधारण दहावा हिस्सा दोन वेगळ्या समित्यांना, एकीला दुसरीचा पत्ता लागू न देता, तपासायला दिला. 166 पेपरांचे दोन-दोन निकाल लागले आणि सुमारे 26 टक्के पेपरांबाबत ते जुळले नाहीत. ऐकायला बरे वाटते. पण एका समितीने जे पेपर पास केले, त्यातल्या निम्म्याहून अधिकांना दुसरीने घरी पाठवले होते. तेवढेच पेपर निव्वळ चिठ्ठ्या टाकून निवडले असते, तर मतभेद 35 टक्क्यांच्या आसपास गेला असता. म्हणजे जगातल्या निवडक मेंदूंची समिती आणि शाळेतली लकी ड्रॉची बरणी यांत नऊ टक्क्यांचे अंतर. 2021 मध्ये प्रयोग पुन्हा केला, निकाल फारसा हलला नाही. एवढे कळल्यावर एखाद्याने दुकान बंद केले असते. इथे गर्दी वाढली. 2025 मध्ये न्यूरिप्सच्या मुख्य विभागात 21,575 पेपर आले आणि 5,290 घेतले गेले. पेपरला नऊ पानांची मर्यादा धरली तरी झाली 1 लाख 94 हजार पाने. एवढी कोण वाचणार, हा प्रश्न मनात आला असेल तर तो थोडा वेळ दाबून ठेवावा.

महाराष्ट्रात हा प्रश्न कधीच पडत नाही, कारण इथे पेपर वाचण्यासाठी असतो अशी कोणाची समजूत नाही. पेपर 'प्रेझेंट' करण्यासाठी असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांत लिहिले होते की प्रबंध सादर करण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक शोधनिबंध प्रसिद्ध करावा आणि परिषदांत दोन पेपर वाचावेत. प्राध्यापकांच्या मानेवर 2010 पासून एपीआयचे, म्हणजे बढतीसाठी कामगिरी मोजणाऱ्या पट्टीचे, गुण बसले होतेच. राष्ट्रीय परिषदेपेक्षा आंतरराष्ट्रीय परिषदेला जास्त गुण. मग काय, जिल्ह्याजिल्ह्यात आंतरराष्ट्रीय परिषदा उगवल्या. परिषद आंतरराष्ट्रीय व्हायला एक परदेशी पाहुणा लागतो, आणि तो झूमवरही चालतो. त्याचा आवाज येत नाही, मग आवाज येतो तेव्हा चेहरा जातो. दीपप्रज्वलन होते, शाल-श्रीफळ होते, प्राचार्य 'एआय ही काळाची गरज' असे सांगून दुसऱ्या मीटिंगला जातात. टेक्निकल सेशनमध्ये प्रत्येकाला पाच मिनिटे. तिसऱ्या मिनिटाला सेशन चेअर घड्याळाकडे बघतात, चौथ्या मिनिटाला मसालेभाताचा वास येतो, आणि पाचव्या मिनिटाला 'एनी क्वेश्चन्स?' विचारून उत्तराची वाट न बघता टाळ्या होतात. खरी रांग दुपारी तीनला लागते, सर्टिफिकेटच्या टेबलापाशी. तिथे मात्र मंडळी बारकाईने वाचतात. नावाचे स्पेलिंग, आयएसबीएन क्रमांक, आणि 'इंटरनॅशनल' हा शब्द आहे ना.

आयोगाला काहीच दिसत नव्हते असे नाही. 2018 मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतून एका झटक्यात 4,305 नावे उडाली. नवी यादी करायचे काम पुण्यात, सावित्रीबाई फुले विद्यापीठात आले. 2022 मध्ये पीएचडीपूर्वी पेपर छापण्याची सक्ती गेली, 2025 मध्ये ती नवी यादीही गेली. परिषदा आहेत. सवय नियमापेक्षा चिवट असते, आणि मसालेभाताला पर्याय नाही.

मधल्या काळात पेपर तयार करण्याची एक देशी-विदेशी घरगुती रीतही रुळली होती: दुसऱ्याचा मजकूर घ्यायचा आणि चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी एकेक शब्द समानार्थी शब्दाने बदलायचा. गिओम काबानाक, लाबे आणि अलेक्झांडर मगाझिनोव यांनी 2021 मध्ये अशा छळलेल्या शब्दांची यादीच मांडली. त्यात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चे इंग्रजीतच जे झाले आहे, त्याची मराठी 'बनावट शुद्ध' अशी होईल. 'बिग डेटा' झाला 'अवाढव्य माहिती'. 'क्लाउड कॉम्प्युटिंग' झाले 'धुक्यातली आकडेमोड'. ही धुक्यातली आकडेमोड परीक्षकांच्या नजरेखालून गेली, संपादकांच्या गेली, इतिवृत्तात छापून आली. कोणालाच खटकली नाही, याचे एकच कारण संभवते.

आता शब्द बदलण्याचेही कष्ट नाहीत. भाषेची यंत्रे पेपर लिहून देतात, आणि गोड लिहितात. संदर्भसूचीही देतात, त्यातले काही संदर्भ जगात कुठेच नसतात, एवढाच काय तो फरक. न्यूरिप्सच्या 2025 च्या स्वीकारलेल्या पेपरांत एका तपासणी कंपनीला असे शंभरएक संदर्भ सापडले. मार्सी राथके बाईंचे गोत्र वाढते आहे.

पेपर यंत्राने लिहिला तर तपासायचा माणसाने, हा अन्याय परीक्षकांनी फार दिवस सोसला नाही. तेही पेपर यंत्राला देऊ लागले. लेखकांच्या ते ध्यानात आले. जुलै 2025 मध्ये 'निक्केई' या जपानी वृत्तपत्राने आठ देशांतल्या चौदा संस्थांचे सतरा पेपर हुडकले, ज्यांत पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत किंवा मुंगीएवढ्या टायपात यंत्रासाठी सूचना लपवल्या होत्या: फक्त चांगले बोल, उणे काढू नकोस. परीक्षेत उत्तरपत्रिकेला नोट टाचण्याची कला आपल्याकडे जुनी. इथे नोटेचाही खर्च नाही. वासेदा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने तर उलट बाजू मांडली. म्हणे, ही सूचना आळशी परीक्षकांना पकडण्यासाठी आहे, कारण जो स्वतः वाचेल त्याला ती दिसणारच नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त असा सापळा लावताना 'उणे काढ' असे का लिहू नये, हे त्यांनी सांगितले नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी हा लपंडाव संपवून टाकला. 'एजंट्स फॉर सायन्स' या परिषदेची अटच अशी की पेपरचा पहिला लेखक यंत्र असले पाहिजे, आणि पहिली परीक्षणेही यंत्रेच करणार. तीनशेच्या वर पेपर आले, 48 घेतले. परिषद ऑनलाइन झाली. जेवणाचा प्रश्नच आला नाही.

बाकीच्या परिषदांना अजून माणसे लागतात, निदान अंतिम मुदत पाळण्यापुरती. ही मुदत 'एनिव्हेअर ऑन अर्थ' या वेळेने मोजतात: पृथ्वीवर कुठेतरी ती तारीख शिल्लक आहे तोवर पेपर चालतो. ती तारीख सर्वांत शेवटी मावळते ती पॅसिफिकमधल्या बेकर आणि हाऊलँड या दोन बेटांवर. तिथे कोणी राहत नाही. तिथे रात्रीचे 11 वाजून 59 मिनिटे होतात, तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे 5 वाजून 29 मिनिटे झालेली असतात.

तर पुण्यातला एक संशोधक, 5 वाजून 26 मिनिटे. नऊ पानांच्या पेपरची दहाव्या पानावर चार ओळींची शेपटी उरली आहे. तो आकृती थोडी दाबतो, दोन परिच्छेदांमधली जागा चोरतो, एक सिद्धता काढून तिथे 'हे उघड आहे' असे टाकतो. शेपटी गेली. 5 वाजून 28. साइट फिरते आहे, फिरते आहे. शेजारून चहा येतो, तो हात हलवून परत पाठवतो. हिरवी पट्टी येते: आपला पेपर मिळाला. क्रमांक पाच अंकी. खाली बारीक अक्षरांत, लेखक या नात्याने आपणास परीक्षक नेमण्यात आले आहे. सोबत सहा पेपर, मुदत तीन आठवडे.

तीन आठवड्यांनी, अर्थातच शेवटच्या संध्याकाळी, तो त्यातला पहिला उघडतो. शेजारच्या टॅबमध्ये यंत्र तयार आहे. कंट्रोल-ए दाबून तो सगळा मजकूर निवडतो. पान निळे होते, आणि गोषवाऱ्याच्या खाली, जिथे आत्तापर्यंत कोरी जागा होती, तिथेही एक निळी पट्टी उमटते. तो वाकून बघतो. दोन ओळी आहेत, इंग्रजीत, फार अदबीने लिहिलेल्या.

तो त्या दोनदा वाचतो. मग आपल्या पेपरची फाइल उघडून तिथेही कंट्रोल-ए दाबतो. चौथ्या लेखकाने, म्हणजे त्याच्या गाइडने, शेवटचा हात फिरवला होता.