आप्पांचा ससा

राजापूरच्या सड्यावर वाडीगणिक एक तरी शिकारी असतो, आणि तो जितका नामांकित, तितके त्या वाडीतले ससे निर्धास्त. आमच्या वाडीचे शिकारी म्हणजे आप्पा.

आप्पांची छर्र्याची बंदूक मुळात वांदरांसाठी घेतलेली. इथे पपई आधी वांदर खातात, उरली तर मालक. पण वांदरांनी आठवडाभरात बंदुकीची परीक्षा घेतली. नुसती काठी उगारली तरी पळणारे हे प्राणी बंदूक दिसली की पपई हातात घेऊन कौलांवर निवांत बसू लागले. चारचौघांत हसं व्हायला लागलं, तेव्हा आप्पांनी रात्री येणारं, म्हणजेच साक्षीदार नसणारं जनावर निवडलं. ससा.

भातकापणी झाली की मळ्यातल्या ओलीवर चवळी, कुळीथ पेरतात. सकाळी जाऊन बघावं तर चवळीचे कोवळे शेंडे कातरीने छाटल्यासारखे गेलेले. आप्पा उकिडवे बसतात, एक लेंडी चिमटीत धरून उजेडात फिरवतात आणि निकाल देतात, “नर हाय. तीन किलो.” हाच ससा राजापुरात जवाहर चौकातल्या चहापर्यंत पाच किलोंचा होतो आणि शिमग्याला मुंबईकर घरी येईतो सात.

रानातला ससा बीळ करत नाही. गवतात अंगापुरती बैठक करून दबून राहतो. हे आप्पांना कळेपर्यंत तीन संध्याकाळी एका बिळासमोर गेल्या. चौथ्या दिवशी आतून मुंगूस निघालं, त्याने आप्पांना नीट न्याहाळलं आणि परत आत गेलं. “वाट चुकला व्हता,” आप्पा म्हणाले. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी आप्पा बंदूक घेऊन निघाले की काकू मोठ्या आशेने खोबऱ्याचं वाटप काढून ठेवायच्या. वाटप काही फुकट घालवता येत नाही, म्हणून त्यात बटाटे पडायचे. आता त्या घरात त्या रश्शाचं नावच ‘ससा’ आहे. “आज ससा केलाय, जेवून जा,” असं काकू म्हणाल्या की परका माणूस दचकतो. आम्ही ताट घेतो.

परवा कुणीतरी विचारलं, “आप्पा, एक तरी गावला काय हो कधी?” आप्पांनी सुस्कारा सोडला. “बाहत्तरचा कायदा आडवा आला रे. नायतर...” आता, असल्या बंदुकीला परवाना लागत नसला तरी सशाला 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हे खरंच. पण कायदा आला तेव्हा आप्पा पाळण्यात होते. पाळण्यातल्या पोराची शिकार सरकारने बंद केली, एवढा धाक!

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. थंडीचे दिवस, नुकतं चांदणं पडलेलं. आप्पांनी नळी मोडून छर्रा भरला, ‘कट्ट’ करून मिटली आणि आम्ही बांधाआड पालथे पडलो. तासाभराने गवत हललं. आधी दोन कान आले, मागून ससा. वीसेक पावलांवर बसून त्याने चवळीचा शेंडा खुडला. एवढ्या अंतरावरून जत्रेतला फुगासुद्धा फुटावा. आप्पांनी दस्ता खांद्याला लावला, माशी जुळवली, श्वास धरला. मी कानात बोटं घातली.

काहीच झालं नाही. दोन शेंडे, चार शेंडे, सहा शेंडे झाले.

“आप्पा, घोडा ओढा की!” मी न राहवून कुजबुजलो.

“थांब रे. खाताना मारू नये.”

ससा खाऊन संपला, म्हणजे त्याचं खाणं संपलं. मग तो धावू लागला. “धावत्यावर नेम धरू नये, नुसता जखमी होतो,” आप्पा म्हणाले आणि गुडघे झाडत उठले. चालताना त्यांनी बंदुकीतला छर्रा सांडशीने निखारा उचलावा तसा जपून काढला आणि डबीत टाकला. डबी भरलेली होती. माझ्या आठवणीत ती कायम भरलेलीच आहे.

दुसऱ्या दिवशी चौकात मी ऐकलं, की ससा आठ किलोंचा होता आणि त्याला पाहून मी घाबरलो.

मागल्या महिन्यात मुंबईची भाचरं आली, त्यांना घेऊन आम्ही कशेळीला कातळशिल्प बघायला गेलो. जांभ्यावर कोरलेला सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. मुलं गप्प होऊन बघत राहिली. मग धाकट्याने विचारलं, “आप्पा आजोबा, आपल्याकडे हत्ती कुठून आला?”

आप्पांनी सोंडेपासून शेपटापर्यंत सावकाश एक फेरी मारली. जाणत्याने जाणत्याचं काम बघावं तसं बघितलं.

“हत्ती कसला?” ते म्हणाले. “ससाच व्हता. सांगता सांगता वाढला.”