तिथी बघून बाहेर पडणारा बाबा

अहो वहिनी, जरा अशा जास्वंदीच्या आडोशाला या. तिथून बोललेलं सगळं त्याच्या ओट्यावर ऐकू जातं.

पाहिलंत ना? लेक खांद्यावर, बादली हातात, स्वारी निघाली किनाऱ्याकडे. काल नवाला गेला होता, आज पावणेदहाला. तुमच्या जाऊबाई परवा म्हणत होत्या, घरी बसलेल्या पुरुषाला कसली आलीय वेळ, मनात येईल तेव्हा उठतो नि भटकतो. म्हटलं, बाई, आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा! मांगेलवाड्यातले म्हातारे अजून बोटांवर करतात तोच त्याचा हिशेब. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, म्हणजे त्याच्या सहा तास आधी ओहोटी. थोडं मागंपुढं होतं, पण पोरीला वाळू मिळते.

आणि जाऊन करतो काय, तर काही नाही. परवा मी सुरूच्या झाडांखाली फिरायला गेले होते. ते बारके खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या मांडून ठेवतात बघा, मोहरीएवढ्या. ती पोर उकिडवी बसून एकेक गोळी बोटानं फोडत होती आणि हा शेजारी मुकाट बसलेला. मोबाइल खिशात. ‘चला, उशीर झाला’ नाही, ‘हे बघ, ते बघ’ नाही. आपण आपली मुलं वाढवली तेव्हा एवढा वेळ नुसतं बसलो होतो का हो?

पण पावणेबाराला दोघं घरात म्हणजे घरात. वरणभात, वर तूप, मग झोप. त्यात तडजोड नाही. अष्टमीला ओहोटी येते ऐन बाराला, त्या दिवशी समुद्र रद्द. खाटेवर चादर टाकून तंबू करतात.

सुरुवातीला काय गोंधळ होता, तुम्ही तेव्हा गावाला होतात. नोकरी सोडल्या सोडल्या त्यानं फ्रिजवर तक्ता लावला होता. नऊ ते साडेनऊ चित्रं, साडेनऊ ते दहा गोष्ट. पोर साडेनऊला चित्र सोडेना, मग रडारड. तो तक्ता फाडला नि गेला दुसऱ्या टोकाला. भूक लागेल तेव्हा जेवण, डोळे मिटतील तेव्हा झोप. पोर संध्याकाळी सातला झोपायची नि रात्री बाराला टक्क जागी! आणि तिच्या आईला पहाटेची लोकल. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली म्हणून तर बिचारी इथं राहून अंधेरीची नोकरी करू शकते, पण जाऊन येऊन कंबरडं मोडतं. शेवटी यानं पोट आणि झोप तेवढी घड्याळावर ठेवली, बाकीचा दिवस पोरीवर सोडला. जेवणझोप ठरलेली असली की मधल्या वेळात काय वाट्टेल ते करता येतं, असं मलाच समजावत होता. मला! मी कोसबाडला बालवाडीचं शिकलेली.

तिथं आम्हाला गिजुभाईंबद्दल सांगायचे. वकिली सोडून भावनगरला 1920 साली बालमंदिर काढलं त्यांनी, पुढे आपल्या ताराबाई मोडकही त्यांना येऊन मिळाल्या. गुजरातेत लोक त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणत, मिशावाली आई. याला मिशी नाही, एवढाच काय तो फरक.

कौतुक करते, पण एक सांगू? मला थोडा रागही येतो. यानं काकडी कोचली तरी गल्लीभर बोभाटा. त्याच्या बायकोनं तेच केलं असतं, तर आपण इथं उभ्या राहून बोललो असतो का? सरकारनं 2024 मध्ये पाहणी केली, पेपरात आली होती. घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ 289 मिनिटं आणि पुरुषांचा 88. तेही जे करतात त्यांचा हं! आमचे हे त्यात कुठेच बसत नाहीत. चहाचं आधण ठेवलं की तासभर सांगत फिरतात.

बरं, खरी बातमी राहिलीच. त्याचे वडील येताहेत. मुलगा घरी राहून पोर सांभाळतो हे अजून त्यांच्या पचनी पडलेलं नाही, त्यात रिटायर्ड स्टेशनमास्तर! सगळं मिनिटावर. सहाला चहा, एकला ताट, दोनला वामकुक्षी, आणि त्या वेळी घरात भांडं वाजलेलं चालत नाही म्हणे. येताहेत कधी, तर एकादशीला. करा हिशेब. अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे ओहोटी सव्वादोनला. तोवर पोरीची झोप झालेली असते आणि थंडीचे दिवस, ऊनही बाधत नाही. तेव्हा दोनच्या ठोक्याला बादली वाजणार! मी पापड वाळत घालायच्या निमित्तानं इथंच असेन. तुम्हीही या.