वाइनकाका

क्रूझवर पोहण्याचा तलाव असतो, नाटकगृह असतं, आणि मराठी मंडळींचा ग्रुप असेल तर एक वाइनकाका असतातच. त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत.

बार्सिलोनाहून सुटलेली आलिशान बोट मार्सेयच्या वाटेवर असते. दुपारी 'वाइन पेअरिंग लंच' असतं. पाच पदार्थ, पाच वाइन, प्रत्येकापुढे ग्लासांची रांग. बाकीची मंडळी त्यात पाण्याचा ग्लास कुठला ते शोधत असतात. वाइनकाका मात्र लिननचा कोट सावरत खुर्चीत रेलतात आणि म्हणतात, "घाई करू नका. आधी तिला श्वास घेऊ दे." नुकतंच लग्न झालेली दोघं दचकून एकमेकांकडे बघतात. काका वाइनबद्दल बोलत असतात.

काकांची ही विद्या फार जुनी नाही. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली २००० साली. तोवर काका व्हिस्की, सोडा आणि खारे शेंगदाणे एवढ्या पेअरिंगवर सुखी होते. मग कधीतरी गंगापूर धरणाकाठी सुलाच्या द्राक्षमळ्यात एक वीकेंड घडला आणि घरातले शेंगदाणे फक्त उपासाला उरले.

काकांचा खरा सोहळा म्हणजे पहिला घोट. वेटर बाटली उघडतो आणि काकांच्या ग्लासात चमचाभर ओततो. वाइन बिघडलेली तर नाही ना, बुचाचा कुबट वास तर लागलेला नाही ना, एवढंच त्यात बघायचं असतं. काका मात्र तोंडी परीक्षेला बसल्यासारखे डोळे मिटतात. ग्लास गोल फिरतो, नाक आत जातं, भुवया वर जातात. ऑयस्टर वाट बघत असतात. अखेर काका जाहीर करतात, "शाब्ली. ओला दगड. समुद्राची हवा." हवेचं म्हणाल, तर आपण समुद्रातच असतो.

पुढची बाटली जुन्या रीसलिंगची. काका हुंगतात आणि कृतार्थ होऊन म्हणतात, "पेट्रोल!" यात त्यांची काही चूक नाही. मुरलेल्या रीसलिंगला तसा वास येतो आणि जाणकार त्याचं कौतुकच करतात. गावाकडच्या खानावळीत भाजीला रॉकेलचा वास आला असता, तर हेच काका मालकाला सुनावून आले असते.

वेटर सगळं शांतपणे ऐकून घेतो. "येस सर, व्हेरी गुड सर." काका त्याला फ्रेंच समजून नाकातून इंग्रजी बोलत असतात. बरोलो ओतताना तो हळूच विचारतो, "काका, मटणाबरोबर थोडी अजून घालू?" तो निघतो सासष्टीचा. गोव्यातली घरंच्या घरं पिढ्यान्पिढ्या बोटींवर नोकरी करत आली आहेत. तिकडे त्यांना तारवटी म्हणतात. काका क्षणभर गप्प होतात आणि लगेच शुद्ध मराठीत म्हणतात, "घाल की! हे साठ मिली म्हणजे आपला एक लार्ज पेगच झाला." काकांमधला जुना माणूस एवढ्या एका वाक्यापुरता डोकावतो.

शेजारी काकू असतात. चार वाइनवर त्यांनी चकार शब्द काढलेला नसतो. शेवटी निळी बुरशी असलेलं खारट रोकफोर चीज आणि गोड सोटर्न येते. सोटर्नच्या द्राक्षांनाही बुरशीच लागू देतात. त्यामुळे त्यांतलं पाणी उडतं आणि साखर दाटते. काका या बुरशीचं लॅटिन नाव आठवत बसलेले असतात, तोवर काकू चिजाचा तुकडा आणि एक घोट घेऊन मोकळ्या होतात. "हे छान लागतं हो. आमटीत गूळ घातल्यासारखं. खारटपणा बोचत नाही." त्या जोडीची जगभर वाखाणणी होते ती नेमक्या याच कारणासाठी. वेटर काकूंचा ग्लास न विचारता पुन्हा भरतो. काका पुढच्या टेबलावर हेच वाक्य 'बॅलन्स' शब्द घालून सांगतात.

तेव्हा अशा जेवणाचा योग आला, तर वाइनकाकांच्याच टेबलावर बसा. तीन तास कसे जातात ते कळत नाही. फक्त कुठली वाइन दुसऱ्यांदा मागायची, ते काकूंना विचारा.