भरल्या भाजीचा ताळेबंद

भरलेली भाजी हा हिशेबाच्या दृष्टीनं अत्यंत संशयास्पद पदार्थ आहे, हे मला वयाच्या ६३व्या वर्षी इटलीतल्या जेनोव्हात कळलं. त्याआधी ३४ वर्षं मी सरकारी लेखापरीक्षणात काढली. सिमेंटच्या गोण्यांपासून शाळेच्या खडूंपर्यंत सगळं मोजलं. घरच्या भरल्या वांग्यांकडे मात्र त्या नजरेनं कधी पाहिलं नाही. ती पानात यायची, मी खायचो, व्यवहार पूर्ण.

लेक तिथं नोकरीला, म्हणून आम्ही दोघं दीड महिन्यासाठी गेलो होतो. पाच मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, समोरच्या घराची दोरीवरची चादर हात लांबवला तर घडी करून ठेवता येईल इतकी गल्ली अरुंद. वरच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक सिन्योरा राहायच्या. आमच्या हिची आणि त्यांची तिसऱ्या दिवशी गट्टी जमली. ही मराठीत बोलायची, त्या जेनोव्हाच्या बोलीत, आणि दोघी एकमेकींना मनापासून दुजोरा द्यायच्या. मला थोडं इंग्रजी येत असल्यामुळे माझ्याशी कुणीच बोलायचं नाही.

एका शनिवारी सिन्योरांनी जाहीर केलं, उद्या ‘रिपिएनी’. लेकीनं अर्थ सांगितला, ‘भरलेल्या’. काय भरलेलं, कशात भरलेलं, उल्लेख नाही. व्हाउचरवर नुसतं ‘खर्च’ लिहावं तसं.

बाजाराला मेर्कातो ओरिएंतालेत गेलो. हा बाजार १८९९पासूनचा. फिकट हिरव्या झुकिनी, मुठीएवढी वांगी, कांदे आणि ढोबळ्या मिरच्या घेतल्या. मग सिन्योरांनी एक हिरवी जुडी उचलून आमच्या नाकाशी धरली आणि ही बाजाराच्या मधोमध ओरडली, “अहो, हा तर मरवा!”

खरोखर मरवाच होता. आपल्याकडे अबोलीच्या गजऱ्यात डोकावतो तोच. जेनोव्हाची माणसं त्याला ‘पेर्सा’ म्हणतात आणि चक्क सारणात घालतात. हिनं जुडीतली एक काडी तिथल्या तिथं अंबाड्यात खोचली. सिन्योरा आधी काडीकडे, मग हिच्या डोक्याकडे बघत राहिल्या. आपल्या स्वयंपाकघरात पाहुण्या बाईनं केसात कोथिंबीर माळली तर आपण बघू, तसं.

रविवारी सकाळी मी वही आणि पेन घेऊन वर गेलो. माझी पूर्वतयारी चोख होती. लेकीनं आर्तुसीच्या पाकशास्त्राचं इंग्रजी भाषांतर वाचायला दिलं होतं. हा गृहस्थ रेशमाचा व्यापारी. प्रकाशक मिळेना म्हणून १८९१मध्ये त्यानं पुस्तक पदरमोड करून छापलं आणि जाताना त्याचे हक्क स्वयंपाकीण आणि आचाऱ्याच्या नावे करून गेला. वांगं पूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात फारसं दिसत नसे, ज्यू लोकांचं खाणं म्हणून त्याला हिणवत, असंही त्यानं नोंदवलंय. वांग्याला तिथं ‘मेलांझाना’ म्हणतात. फारसी-अरबीतून तिकडे पोचलेला हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. लोकांनी मात्र त्याचा ‘वेडं फळ’ असा अर्थ लावला. हे ऐकून ही म्हणाली, “वांगं आपलं. पुढं त्यांनी त्याचं काय केलं, ती त्यांची जबाबदारी.” असो. व्यापारी असल्यामुळे आर्तुसी ग्रॅममध्ये बोलतो, आणि मला ग्रॅममध्ये बोलणारी माणसं आवडतात.

सिन्योरा ग्रॅममध्ये बोलत नव्हत्या. चीज किती? “क्वांतो बास्ता.” पाव किती? “क्वांतो बास्ता.” अर्थ असा, की पुरेल इतकं. छापील पाककृतींतसुद्धा ‘क्यू. बी.’ अशी दोन अक्षरं टाकून लेखक मोकळे होतात. आपल्याकडे ‘मीठ चवीपुरतं’ म्हणतात, पण निदान ते मिठापुरतं तरी! बास्ता म्हणजे बास, एवढं मला कळलं. पण बास कधी म्हणायचं, ते कुणी सांगेना.

आता मुख्य आक्षेप. आपण वांग्याला देठ ठेवून चिरा देतो, दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला कोंबतो, आणि वांग्याचा गर जागच्या जागी राहतो. आवक बाहेरची, शिल्लक मूळची, सगळं स्वच्छ. जेनोव्हाची पद्धत निराळी. झुकिनी आणि वांगी मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडायची, उभी चिरायची, आतला गर चमच्यानं कोरून काढायचा. तो चिरून कांद्या-लसणावर परतायचा. त्यात दुधात भिजवून पिळलेला पाव, भिजवलेले सुके मशरूम, पार्मेझान, मरवा आणि प्रेशिन्सेवा. हे आंबट दह्या-चीजच्या मधलं काहीतरी, आपल्या चक्क्याची मावसबहीण, आणि जेनोव्हाच्या पंचक्रोशीबाहेर सहसा मिळत नाही. शेवटी अंडी. मोर्तादेला, म्हणजे डुकराच्या मांसाचा सॉसेज, सिन्योरांनी आमच्यासाठी वगळला होता. आणि हे सगळं पुन्हा त्याच भाजीत भरायचं! ज्याचा माल त्यालाच परत, वर वाढीव दरानं.

कांद्याचं तर विचारूच नका. अर्धा कापून उकडला की त्याच्या पाकळ्या वाट्यांसारख्या सुट्या होतात, एकात एक बसणाऱ्या, आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या असाव्यात तशा. अगदी आतलं पिल्लू चिरून सारणात. इटलीतले इतर लोक जेनोव्हावाल्यांना चिक्कू म्हणून चिडवतात; मला मात्र हा कांदा पाहून त्यांच्याविषयी आदर वाटला.

मी मोजणी केली. कवच एकूण ३८. सारण भरपूर, मोठं घमेलंभर. बाई एकेका नावेत चमचाभर सारण ठेवून बोटानं नीट करत होत्या, वर पावाचा चुरा, वर तेलाची धार. ही ढोबळ्या मिरच्यांवर होती. गच्च भरण्याची आमच्याकडची सवय, म्हणून सिन्योरा मधूनमधून तिचं मनगट धरून थोडं सारण परत घेत. माझ्याकडे देखरेख होती.

पस्तीस कवचं भरली आणि घमेलं रिकामं झालं. कांद्याच्या तीन वाट्या तशाच राहिल्या.

सिन्योरांनी घमेल्यात पाहिलं. मग वाट्यांकडे. मग काही तरी म्हणाल्या. लेकीनं भाषांतर केलं, “साठ वर्षांत सारण उरलंय नेहमी. उरलं की त्या तळून खातात. कमी कधी पडलं नाही.”

तूट म्हटल्यावर माझ्या अंगात जुना उत्साह संचारला. मी वही उघडली. पाव, चीज, मशरूम, चक्क्याची मावसबहीण, क्रमानं तपासलं. हिच्या मिरच्या जास्त भरल्या गेल्यात, असा प्राथमिक निष्कर्ष मी मांडला. ही काहीच बोलली नाही. तिनं शांतपणे माझ्या हातातला चमचा काढून घेतला.

आता खरं ते सांगतो. अंडी घालायच्या आधी सिन्योरांनी मीठ बघायला मला चमचाभर सारण दिलं होतं. मरव्याचा वास जरा जास्त वाटला, म्हणून खात्रीसाठी दुसरा चमचा. मग मशरूम लागतोय का, म्हणून तिसरा. त्यानंतरची नोंद वहीत नाही.

“बाबा,” लेक म्हणाली, “त्या विचारतायत, किती खाल्लं?”

“क्वांतो बास्ता,” मी म्हणालो.

भट्टीतून भाजी आली तरी सिन्योरा तासभर वाढेनात. रिपिएनी कोमटच चांगल्या लागतात, असं त्यांचं म्हणणं. वाढताना मात्र माझ्या ताटात पहिल्यांदा आल्या त्या तीन रिकाम्या कांद्याच्या वाट्या.