केयी बरोबर, केळी पण बरोबर

“केयी.”

यावलकडच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर दुसरीतली पोर कागदावर बोट ठेवून वाचत होती. कागदावर छापलं होतं ‘केळी’. बाईंनी बरोबरची खूण केली. मी जळगावात राहून शुद्ध बोलायला शिकलेला माणूस. न राहवून म्हणालो, “बाई, ळ राहिला की!”

“भाऊ, हिचा बाप ज्या बागेत राबतो तिथं केयीच पिकते. घडाला काही फरक पडत नाही.”

हीच पोर उद्या कानाला हेडफोन लावून संगणकापुढे बसली, तर यंत्र काय करील? चूक म्हणेल आणि पुढचा शब्द सोपा देईल. समजा ‘शाळा’. पोर म्हणेल ‘शाया’. यंत्र आणखी खाली उतरेल. ‘डोळा’, तर ‘डोया’. चार शब्दांत पोर बालवाडीत.

या थोर शोधाला म्हणतात अनुकूली चाचणी. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. असं वर-खाली करत थोड्याच प्रश्नांत मूल कुठल्या पायरीवर आहे ते यंत्र सांगतं. अमेरिकेला निघालेल्या पोरांना जीआरई, जीमॅटमुळे ही तऱ्हा नव्वदच्या दशकापासून ठाऊक आहे. तिकडच्या बऱ्याच प्राथमिक शाळांत वर्षातून दोन-तीनदा अशीच चाचणी घेऊन प्रत्येक मुलाच्या वाढीची रेघ काढतात. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलाची वाढ टिपणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं सॉफ्टवेअर सुचवून ठेवलंय. कल्पना वाईट नाही. उलट, सगळ्या वर्गाला एकच पेपर देऊन अर्ध्यांना कंटाळा आणि अर्ध्यांना धडकी भरवण्यापेक्षा शंभर पटींनी बरी.

पण आपण सध्या करतो काय? नेमकं ते उलटं. ‘स्टार्स’ प्रकल्पातून, म्हणजे जागतिक बँकेचं कर्ज असलेल्या योजनेतून, वर्षाला तीन चाचण्या सुरू झाल्या: पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. पेपर पुण्याहून. मराठी शाळेत कुलाब्याच्या पोराला जो प्रश्न, तोच सातपुड्यात घरी पावरी बोलणाऱ्या पोराला. २०२५मध्ये वर्षअखेरीच्या परीक्षांचं वेळापत्रकही राज्यभर एकच निघालं, ८ ते २५ एप्रिल. त्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा चाळिशीच्या पुढे असतो हे कुठल्या चॅटबॉटला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण शिक्षण खात्याचा चॅटबॉट दुसऱ्या कामात असतो. गुरुजींनी त्यात चाचण्यांचे गुण भरायचे. किती मुलं शिकली हे नंतर बघू, किती शाळांनी माहिती भरली याची टक्केवारी आधी! मागे पडलेल्या केंद्राच्या नावापुढे लाल रंग, की व्हॉट्सॲप ग्रुपवर केंद्रप्रमुखांचा तगादा सुरू.

गंमत अशी, की मुलागणिक बदलणारी चाचणी आपल्याकडे फार आधीपासून आहे आणि तिला चार्जिंग लागत नाही. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५पासून निघतो. त्यातली वाचनाची तपासणी म्हणजे एक साधा कागद. आधी परिच्छेद वाचायला द्या. सरळ वाचला, तर गोष्ट द्या. अडखळला, तर शब्द. शब्दही नाही जमले, तर अक्षरं. गणितात वजाबाकीपासून सुरुवात. आली तर भागाकार, नाही आली तर अंकओळख. वर-खाली करणारं यंत्र इथं माणूसच. काही मिनिटांत पोराचा ठाव लागतो, आणि केयी म्हणजे केळी हे त्या माणसाला माहीत असतं.

(अर्थात कागदही सगळं सांगत नाही. आमच्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. या कागदावर त्या ‘अक्षर’ पायरीच्याही खाली बसल्या असत्या.)

यंत्राचं आम्हा खानदेशी लोकांना वावडं आहे असं कुणी समजू नये. दहाएक वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यानं अकराशेच्या वर जिल्हा परिषद शाळा डिजिटल केल्या. न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे धुळ्याचे हर्षल विभांडिक पुढे झाले, गावागावांनी लोकवर्गणी काढली. पडदा गावानं आणला, त्यात सरकारचं कौतुक करायला फार जागा नाही. शाळेचं वीजबिल कुणी भरायचं, हा घोळ मात्र राज्यभर वर्षानुवर्षं चालला.

बरं, वाढीची रेघ काढायची तर तेच पोर तीनदा भेटायला हवं ना? चाळीसगाव, साक्रीकडची कितीतरी बिऱ्हाडं मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. मागं सांभाळायला आजी नसेल तर पोरही गाडीत. पायाभूतला हजर असलेलं मूल पुढच्या चाचणीला फडात धाकट्या भावाला सांभाळत बसलेलं असतं. तिथं रेघ तुटते. यंत्र कितीही हुशार असो, समोर न बसलेल्या पोराला सोपा प्रश्न कसा विचारणार?

त्या ओट्यावर बाईंनी नंतर एक वही दाखवली. शंभर पानी, साधी. पोरीच्या नावापुढे जुलैत ‘अक्षरं’, सप्टेंबरात ‘शब्द’ आणि त्या दिवशी ‘परिच्छेद’. शेजारी पेन्सिलीनं ‘ळ’ लिहून पुढे ‘होईल’. वाढीचा याहून स्वच्छ आलेख मी तरी पाहिलेला नाही.

शिक्षण हक्क कायद्यानं साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्या शाळेतही दोनच, वर्ग चार. बाई ओट्यावर एकेका पोराचं वाचन घेत होत्या आणि आत तीन वर्गांची पोरं एकत्र बसून पाढे म्हणत होती. दुसरे गुरुजी तालुक्याला गेले होते. चॅटबॉट कसा भरायचा याचं प्रशिक्षण होतं.