हेल नामंजूर

चहा घ्या, प्रकरण लांबणार आहे. मुलगा फुकेतच्या हॉटेलात नोकरीला लागला, आमचं तिकडे जायचं ठरलं, आणि वयाच्या 61 व्या वर्षी मी कोरगावच्या पडवीत बसून थाई शिकायला घेतली. घरात कोकणी, पेपरात मराठी, मोरजीच्या पाट्यांवर रशियन. एवढं पचवलेल्या माणसाला आणखी एक भाषा जड जाऊ नये, असा समज होता.

आम्हा पेडणेकरांच्या बोलण्याला हेल आहे. पणजीत दोन वाक्यं बोललो की समोरचा हसून विचारतो, "पेडण्याचे काय?" जन्मभर हेल लपवला. आता हेलाशिवाय पान न हलणारी भाषा सापडली, तर तिथे मंजूर हेल पाचच, आणि आमचा त्या यादीत नाही.

'मा' सपाट म्हटलं तर 'ये'. उंच म्हटलं तर घोडा. खालून वर चढवलं तर कुत्रा. आता प्रश्न विचारताना आवाज वर न्यायचा, हा आमचा वडिलोपार्जित हक्क. "येताय?" म्हणून अदबीनं विचारावं, तर समोरच्याला कुत्रा म्हटल्याची नोंद. 'क्लाय' सपाट म्हणजे दूर, वरून खाली सोडला की जवळ. दूर आणि जवळ या दोन्हींसाठी एकच शब्द मंजूर करणारा सक्षम अधिकारी कोण, एवढंच मला विचारायचं आहे.

बरं, शब्द आपल्याच ओळखीचे निघतात. भाषा, आहार, नगर, आचार्य. नेले, हरकत नाही. पण शेपट्या का छाटल्या? बँकॉकच्या विमानतळाचं नाव लिहायचं 'सुवर्णभूमि' आणि म्हणायचं 'सुवन्नफूम'. 'मि'ची वेलांटी हजेरीपटावर आहे, कामावर नाही! दूरशब्द म्हणजे टेलिफोन, त्याचा 'थोरसप' केला. सनसुद्धा आपल्यापेक्षा 543 नं पुढे. म्हणजे मला उशीर आधीच झालेला.

बायको मात्र पहिल्याच दिवशी पास. तिकडे बाईमाणसानं वाक्याच्या शेवटी आदरार्थी 'खा' लावायचं असतं. ही गेली पस्तीस वर्षं दुसऱ्या कशावर वाक्य संपवतच नाही. पुरुषांना 'ख्रप' नेमून दिलंय. माझ्या 'ख्रप'वर मोबाईलमधली थाई शिकवणारी बाई रोज तांबडी फुली मारते, कारण दाखवत नाही.

म्हणून हल्ली तिन्हीसांजेला अंगणात उभा राहून तिन्ही 'मा' आळीपाळीनं म्हणतो. शेजारचा कुत्रा माझा एकमेव साक्षीदार. तो तिन्हींना येतो.